पोटरीची उपेक्षा

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यात, मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांमधून कुणबी जातीच्या नोंदी शोधून काढण्याच्या कामी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नियुक्त झाली, तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील कचेऱ्यांमध्येही वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले रुमाल सुटले, आणि खासरापत्रके, पाहणीपत्रके, कुळांच्या नोंदवह्या, गावोगावची जन्ममृत्यूची रजिस्टरे असा मोठा पसारा मोडी व उर्दू जाणणाऱ्या मंडळींसमोर येऊन पडला. त्या शोधाच्या राजकीय आणि सामाजिक परिणामांची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे वाढविण्याचा हेतू नाही. येथे विचार करावयाचा आहे तो असे कागद वाचणाऱ्यांच्या पायांचा. जीर्ण कागदावरील पुसट अक्षर लावू लागलेल्या मनुष्याचे सारे चैतन्य डोळ्यांत आणि बोटांत एकवटते, कंबरेखालच्या देहाचे त्याला विस्मरण पडते, आणि दिवसभराची बैठक मोडून तो संध्याकाळी उठतो तेव्हा सकाळी सैल असलेली चप्पल घट्ट लागते, घोट्याच्या वर अंगठा दाबला असता उमटलेला खळगा सावकाश भरून येतो आणि पोटऱ्यांत एक प्रकारचा जडपणा दाटून राहतो.

ही तक्रार केवळ अभिलेखवाचकांची नव्हे. फेरफाराच्या नोंदी संगणकावर चढविणारा तलाठी, न्यायालयाच्या आवारात टेबल टाकून बसलेला दस्तलेखक, तुळजापुरात आई भवानीच्या भक्तांसाठी कवड्यांच्या माळा ओवणाऱ्या बाया, स्पर्धापरीक्षेच्या आशेवर अभ्यासिकेत पहाटेपासून रात्रीपर्यंत एकाच खुर्चीला खिळलेला कळंबचा किंवा भूमचा मुलगा, या सर्वांच्या पायांवर तोच प्रसंग गुदरत असतो. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पूर्वीचे बसून करावयाचे पुष्कळ व्यवसाय पायांना सक्तीने कामाला लावीत असत. हातमागावर बसलेल्या कोष्ट्याचे पाय पावड्यांवर सतत खालीवर होत. शिंप्याचे यंत्र पायाच्या पट्टीवर चाले आणि त्याचा घोटा दिवसभर हलता राही. पुढे त्या यंत्राला विजेची मोटर बसली, शिवण वेगाने होऊ लागली, शिंप्याचे श्रम वाचले. परंतु त्या श्रमांबरोबर त्याच्या पोटरीचे एक नैसर्गिक कार्यही थांबले, आणि ते थांबल्याची दखल कोणी घेतली नाही. ते कार्य कोणते, हे समजून घेतल्यावाचून बैठ्या माणसाला केलेला कोणताही उपदेश व्यर्थ होय.

हृदयातून निघालेले शुद्ध रक्त रोहिण्यांच्या वाटे पावलापर्यंत पोहोचते, त्याला हृदयाच्या ठोक्याचा जोर असतो आणि उताराचेही साह्य असते. खरी अडचण परतीची आहे. केशवाहिन्यांचे सूक्ष्म जाळे ओलांडून नीलांमध्ये उतरलेल्या रक्तात ठोक्याचा जोर जवळजवळ उरलेला नसतो, आणि तरीही त्याला घोट्यापासून छातीपर्यंत, म्हणजे उभ्या माणसात चार फुटांच्या आसपास, गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध चढावयाचे असते. निसर्गाने त्यासाठी दोन योजना केल्या आहेत. नीलांच्या आत ठिकठिकाणी पातळ पापुद्र्यांच्या झडपा आहेत, त्या वरच्या दिशेने उघडतात आणि खालच्या दिशेने मिटतात, आणि गुडघ्याखाली, जेथे भार अधिक, तेथे त्यांची संख्याही अधिक. दुसरी योजना पोटरीच्या स्नायूंची. त्यांतील आतल्या बाजूच्या सोलियस नामक रुंद स्नायूच्या उदरात ऐसपैस नीला असून त्यांत रक्त साठते. स्नायू आकुंचन पावला की ते रक्त पिळून वर ढकलले जाते आणि सैल पडला की खालचे रक्त त्या रिकाम्या जागेत ओढले जाते.

या झडपांचे सविस्तर वर्णन इटलीतील पादुआच्या विद्यापीठात शिकविणाऱ्या फाब्रिसियस याने १६०३ साली प्रसिद्ध केले. त्याला त्या दिसल्या खऱ्या, पण त्यांचे प्रयोजन मात्र नीट उमगले नाही. रक्त हातापायांकडे एकदम धावून तेथे तुंबू नये म्हणून त्याची गती मंद करणारे हे अडसर असावेत, अशी त्याची समजूत झाली. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने त्या झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडेच, जाऊ देतात हे ओळखले, आणि १६२८ सालच्या आपल्या ग्रंथात रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या नीलेवर बोट फिरवून, ते डोळ्यांना दिसेल असे सिद्ध करून दाखविले. जे गुरूच्या हाताखाली होते त्याचा अर्थ शिष्याला लागला, ही शास्त्राच्या इतिहासातील मोठी हृद्य घटना आहे.

पोटरी आणि झडपा यांची ही जोडगोळी कशी चालते हे धाराशिवच्या वाचकाला समजाविण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. गावातील हातपंप पुरेसा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर या प्रदेशात विंधनविहिरी आणि हातपंप यांचा प्रसार झाला, आणि देशभर ज्या ‘इंडिया मार्क दोन’ पंपाने खेड्यांची तहान भागविली, त्याची घडण शेजारच्या सोलापुरात तयार झालेल्या पंपाच्या नमुन्यावरून झाली होती. दांडा खालीवर केला की पाणी चढते, हात थांबला की चढलेला स्तंभ खालची झडप धरून ठेवते. परंतु नवे पाणी वर येत नाही. झडप झिजली तर पाणी खाली उतरते आणि पहिली धार येण्यापूर्वी कितीतरी वेळ दांडा मारावा लागतो. पायातही तेच घडते. पोटरी हलली नाही तर झडपा जागच्या जागी असूनही रक्त फारसे पुढे सरकत नाही, आणि रक्त वर्षानुवर्षे तुंबत राहून नीला रुंदावल्या, त्यांच्या झडपांची पाती एकमेकींना भिडेनाशी झाली, म्हणजे कातडीखाली निळ्या, वेड्यावाकड्या, फुगलेल्या गाठी दिसू लागतात. डॉक्टर त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

पोटरीच्या सामर्थ्याचे मोजमापही झालेले आहे. पोलॅक आणि वूड या अमेरिकी संशोधकांनी १९४९ साली घोट्यापाशी नीलेतील दाब मोजला. आडव्या पडलेल्या माणसात तो पाऱ्याच्या सुमारे १२ मिलिमीटर होता, बसलेल्या माणसात सुमारे ५६, निश्चल उभ्या असलेल्या माणसात सुमारे ८७, आणि तोच मनुष्य चालू लागताच तो २२ पर्यंत उतरला. हे चार आकडे प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर लावून ठेवावेत इतक्या मोलाचे आहेत. त्यांवरून हेही स्पष्ट होते की बसणे वाईट म्हणून उभे राहून काम करावे, आणि त्यासाठी उंच मेज विकत घ्यावे, हा हल्लीचा उपदेश पायांच्या दृष्टीने तरी अपुरा आहे. बंदोबस्तावर ताटकळलेला शिपाई आणि दुकानात दिवसभर गल्ल्याशी उभा असलेला व्यापारी यांच्या घोट्यावर बसलेल्या कारकुनापेक्षाही अधिक भार पडतो. दोष निश्चलतेचा आहे, आसनाचा नव्हे.

निश्चल पायात पुढे काय होते? नीलांतील दाब वाढल्यामुळे रक्तातील पाणी केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाझरून ऊतकांत साठते. हीच संध्याकाळची सूज. रात्री आडवे झाल्यावर ती बहुधा ओसरते. दुसरा परिणाम रोहिण्यांवर होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. रक्तप्रवाह वेगाने वाहत असता रोहिणीच्या आतील अस्तरावर त्याचे घर्षण होते, आणि त्या घर्षणाच्या चेतनेने अस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून वाहिनीला लवचीक ठेवते. मांडीपाशी व गुडघ्यापाशी काटकोनात दुमडलेल्या, निपचित पायात हा प्रवाह मंदावतो आणि अवघ्या तीन तासांत रोहिणीची प्रसरणशक्ती तात्पुरती घटलेली आढळते. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात २०१६ साली झालेला एक प्रयोग या बाबतीत फारच बोलका आहे. निरोगी तरुणांना तीन तास बसवून त्यांनी एक पाय स्थिर ठेवावा आणि दुसरा पाय एक मिनिट नुसता थरथरवावा, मग चार मिनिटे थांबवावा, असा क्रम चालविला. स्थिर पायातील रोहिणीचे कार्य खालावले. हलत्या पायातील सुधारले. आपल्या घरांतून बसल्या बसल्या पाय हलविणाऱ्या मुलाला अवलक्षणी ठरवून दटावण्याची चाल आहे. त्या मुलाला यापुढे तेवढ्यापुरते तरी निर्दोष सोडावे असे मला मनापासून वाटते.

पायाला येणाऱ्या मुंग्या मात्र बहुतांशी वेगळ्या कारणाने येतात. मांडी घालून बसले असता पाय बधिर होतो, तेव्हा लोक रक्त अडले असे म्हणतात. वस्तुतः तेथे मुख्यतः मज्जातंतू दाबला गेलेला असतो, आणि दाब निघताच त्याचे संदेश पुन्हा सुरू होताना ती झिणझिण जाणवते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, हाडाला लागून, असा एक तंतू अगदी वरवर आहे, आणि सोयाबीनच्या शेतात खुरपताना जी स्त्री तासन्तास उकिडवी बसते तिचा तो तंतू दीर्घकाळ दाबला गेल्यास पाऊल वर उचलता येईनासे होते. खुरपणारणीने अधूनमधून उभे राहून पाय सरळ करणे, यात आळस नाही, हे शेतमालकांनी ध्यानात घ्यावयास हवे.

बैठकीतून उद्भवणारा सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे पोटरीच्या खोल नीलेत रक्ताची गुठळी होणे. प्रवाहाचे मंदावणे, वाहिनीच्या अस्तराला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही त्याची तीन कारणे एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने सांगितली जातात. बसण्याशी त्याचा संबंध जगाच्या नजरेस आला तो युद्धाच्या भीषण प्रसंगाने. १९४० साली लंडनवर विमानांतून बाँबवर्षाव होऊ लागला, तेव्हा हजारो नागरिक आश्रयस्थानांत कापडी आरामखुर्च्यांवर रात्र रात्र बसून राहू लागले, आणि फुफ्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढल्याचे कीथ सिम्पसन यांना शवपरीक्षांत आढळले. त्या खुर्च्यांचा पुढचा लाकडी दांडा मांडीच्या खालच्या बाजूस रुतून नीला दाबीत असावा असे त्यांचे अनुमान होते. पुढे १९५४ साली बोस्टनचे शल्यवैद्य जॉन होमन्स यांनी विमानप्रवास, मोटारप्रवास आणि नाट्यगृहातील बैठक यांनंतर झालेल्या गुठळ्यांची हकिगत प्रसिद्ध केली. या माहितीने वाचकाने धास्ती घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळच्या प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो, तथापि मुळात तो अल्प असल्यामुळे निरोगी माणसात दुप्पट होऊनही सहा हजारांत एक इतकाच राहतो. ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, पाय प्लास्टरमध्ये आहे, ज्यांना कर्करोग आहे किंवा पूर्वी गुठळी झाली आहे, ज्या स्त्रिया गरोदर वा नुकत्याच बाळंत झाल्या आहेत अथवा विशिष्ट संततिनियमनाच्या गोळ्या घेतात, त्यांनी मात्र विशेष जपले पाहिजे.

चार तास म्हणजे आपल्याकडे काही विशेष अंतर नव्हे. धाराशिवहून पुण्यास जाणारी गाडी पाच-सहा तास घेते, मुंबईची रात्रभर चालते. एस. टी. ची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी सुटली, तेव्हा हा जिल्हा अद्याप निजामाच्या अमलाखाली होता आणि येथील रस्त्यांवर हैदराबाद संस्थानच्या खात्याच्या गाड्या धावत. कारभार बदलला, परंतु चालकाची बैठक बदलली नाही. सोलापूर ते धुळे महामार्गावर गाडी एकसारख्या वेगाने चालली असता चालकाचा उजवा पाय प्रवेगकाच्या पट्टीवर एकाच कोनात ताणलेला राहतो आणि डावा नुसता पडून असतो. ताणलेला स्नायूही रक्त ढकलीत नाही. त्याला आकुंचन आणि शैथिल्य यांचा आळीपाळीने होणारा खेळ लागतो. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली गाड्यांवरील नोकरांचा अभ्यास करून, जिन्यांवरून चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा कमी असल्याचे दाखविले. चालक नोकरीस लागतानाच कंबरेने रुंद होते असे त्यांच्याच पुढील पाहणीत गणवेशांच्या मापांवरून निघाल्यामुळे त्या निष्कर्षाला काही मर्यादा पडली, तरी त्या अभ्यासाने बैठ्या नोकरीच्या प्रश्नाला शास्त्राच्या दरबारात प्रवेश मिळवून दिला.

जमिनीवर बसण्याच्या आपल्या पद्धतीचा गौरव करणारे पुष्कळ आहेत, आणि आधाराशिवाय उठणे-बसणे यात मांड्यांना व गुडघ्यांना जो व्यायाम घडतो तो अमूल्य आहे याबद्दल दुमत नसावे. परंतु तो लाभ उठण्याचा आहे. अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेली म्हातारी माणसे तासन्तास एकाच मांडीवर असतात. त्यांचे घोटे परस्परांखाली दबलेले आणि गुडघ्याची लवण मिटलेली असते. ओवीच्या अनुसंधानात खंड न पाडता त्यांना मांडी बदलता येते, एक पाय पुढे पसरून पाऊल स्वतःकडे ओढता व सोडता येते, आणि अध्याय संपल्यावर उठून मंडपाची एक फेरी मारता येते. ज्या तेरच्या गोरोबाकाकांचे नाव हा जिल्हा अभिमानाने सांगतो त्यांची भक्ती तर पायांनी चिखल तुडवीत असतानाच चालली होती.

खुर्चीवर बसणाऱ्याने प्रथम खुर्चीची उंची पाहावी. पाय अधांतरी लोंबत असतील तर बैठकीची पुढची कड गुडघ्यामागील नीलेवर दाब देते. अशा वेळी पायांखाली पाट किंवा लाकडी ठोकळा घेतल्याने पावले सपाट टेकतात. मग टाचा उचलाव्यात आणि टेकवाव्यात, त्यानंतर टाचा टेकलेल्या ठेवून चवडे उचलावेत, असे वीस-पंचवीस वेळा, अर्ध्या-पाऊण तासाने. याला मिनिटभर लागते आणि शेजाऱ्याला कळतही नाही. तासाला एकदा उठून पाच मिनिटे चालावे. इतक्या अल्पशा चालण्याने तीन तासांच्या बैठकीत पायांच्या रोहिण्यांचे कार्य टिकून राहते, असे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या एका प्रयोगात दिसले आहे. एस. टी. च्या प्रवाशाने गाडी थांब्यावर लागली की उतरावे, खिडकीतूनच चहा मागवू नये. घरी आल्यावर पाठीवर पडून पाय उशीवर, हृदयाच्या पातळीच्या वर, पंधरा-वीस मिनिटे ठेवावेत. घोट्यापाशी अधिक आणि वर कमी दाब देणारे मोजे सुजेवर गुणकारी आहेत, पण ते पायाचे माप घेऊन आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.

पाणी प्यावे असे सर्व सांगतात. केवळ पाणी पिऊन गुठळी टळते असा भक्कम पुरावा नसला, तरी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शरीर शुष्क होऊ देणे कोणत्याही दृष्टीने हितावह नाही, आणि पाणी पिणारा मनुष्य निदान उठतो तरी. या बाबतीत स्त्रियांवर होणारा अन्याय बोलून दाखविलाच पाहिजे. कचेऱ्या, बाजार आणि बसस्थानके येथे स्वच्छ प्रसाधनगृह नाही म्हणून असंख्य स्त्रिया सकाळपासून पाण्याचा घोट टाळतात, आणि जागेवरून उठण्याचेही टाळतात. त्यांना आरोग्याचा उपदेश करण्यापूर्वी ती व्यवस्था करणे हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्तव्य आहे. तसेच, जागेवर नसलेला कारकून म्हणजे कामचुकार, हा वरिष्ठांचा जुना ग्रह आता सोडला पाहिजे. टाचणासाठी शिपायाला न पिटाळता स्वतः उठून दप्तरातून बस्ता काढणारा अव्वल कारकून आपले काम आणि आपले पाय दोन्ही राखीत असतो.

पायांचे प्रत्येक दुखणे बसण्यामुळे होते असे मात्र समजू नये. चालू लागल्यावर ठराविक अंतराने पोटरीत कळ येते व थांबले की जाते, पाऊल गार पडते, बोटांवरील जखम भरत नाही, अशी लक्षणे रोहिण्या अरुंद झाल्याची असतात. मधुमेही आणि विडी-तंबाखूचे व्यसनी यांनी ती विशेष ओळखावीत. तरुण धूम्रपानी पुरुषांच्या हातापायांच्या वाहिन्या बंद पाडणाऱ्या ज्या व्याधीचे विवेचन लिओ बर्गर यांनी १९०८ साली केले, ती आपल्या देशातील विडी ओढणाऱ्यांत आजही पाहावयास मिळते, आणि तंबाखू पूर्णतः सोडल्यावाचून तिला उतार पडत नाही. अशा रुग्णाने दाबाचे मोजे मुळीच घालू नयेत. दोन्ही पायांची सूज रात्रीच्या विश्रांतीनेही न ओसरल्यास हृदय, मूत्रपिंड व यकृत यांची तपासणी करून घ्यावी.

आणि एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजली, तापली, लालसर झाली, दाबल्यावर दुखू लागली, तर घरोघरच्या रिवाजाप्रमाणे तेल लावून ती चोळू नये. आत गुठळी असल्यास चोळण्याने ती सुटून फुफ्फुसाकडे जाण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी. ती सुईशिवाय, वेदनेशिवाय होते आणि नीलेतील प्रवाह पडद्यावर दाखविते. गुठळी निघाल्यास रक्त पातळ ठेवणारी औषधे सामान्यतः किमान तीन महिने घ्यावी लागतात, आणि सूज उतरली म्हणून ती मध्येच सोडता येत नाहीत. श्वास अचानक कोंडला, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.